दाण्यातला तडा आणि क्षणार्ध टिपणारा एक्स-रे

मुरबाड तालुक्यातले धसई हे आजूबाजूच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहाराचे गाव म्हणून त्याचे नाव वर्तमानपत्रांत गाजले. त्याच्या कितीतरी आधीपासून हा सगळा टापू ओळखला जातो तो भातासाठी. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत पावसाच्या पाण्यावर एक पीक येते आणि त्या एका पिकावर घराचे वर्ष चालते.

भात गिरणीत जाते तेव्हा त्यातून काय बाहेर पडणार, हे शेतकऱ्याला आधी सांगता येत नाही. सरकारी भरडाईचा हिशोब असा, की १०० किलो भातातून ६७ किलो तांदूळ मिळायला हवा. पण त्या ६७ किलोंत आख्खा दाणा किती आणि कणी किती, यावर सगळा भाव ठरतो. आख्ख्या तांदळाचा पुलाव होतो, बिर्याणी होते, पाहुण्यांसमोर दस्तरख्वानावर ठेवता येते. कणीची पेज होते, भाकरीचे पीठ होते, नाहीतर ती कोंबड्यांना जाते. तेच शेत, तेच बियाणे, तेवढेच कष्ट, आणि हातात पैसे मात्र कमी. अशा वेळी दोष बहुधा गिरणीवाल्याला दिला जातो. "तुझ्या मशीनने माझा तांदूळ फोडला," हे वाक्य गिरणीच्या दारात दर हंगामात ऐकू येते.

गिरणीचा रोलर वाईट असेल तर दाणा फुटतो, हे खरे आहे. पण पुष्कळदा दाणा गिरणीत येण्यापूर्वीच आतून तडकलेला असतो. गिरणी फक्त तो तडा उघडा करते. तुसाच्या आतली ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती पाहायची तर तूस न काढता आत बघणारे साधन हवे, आणि तडा जाण्याचा क्षणच धरायचा असेल तर ते साधन अतिशय जलदही हवे. अशा साधनांविषयी, म्हणजे ताणाखाली, दाबाखाली किंवा धक्क्याखाली असलेल्या वस्तूचे आतले चित्र झटपट टिपणाऱ्या एक्स-रे यंत्रांविषयी आम्ही या लेखात लिहीत आहोत.

दाणा आतून का तडकतो?

आधी भाताचेच पाहू. कापणीच्या वेळी दाण्यात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असतो. साठवणीसाठी तो १४ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. दाणा वाळतो तो बाहेरून आत. कडक उन्हात वरचा भाग झटकन वाळून आकसतो, आतला भाग ओला आणि फुगलेलाच राहतो. एकाच दाण्याचे दोन भाग दोन दिशांना ओढू लागतात. यालाच ताण म्हणतात.

याहून मोठे नुकसान उलट्या दिशेने होते. दिवसभर वाळलेल्या दाण्यावर रात्री दव पडते किंवा अवकाळी सर येते. कोरडा दाणा वरून पाणी शोषतो, वरचा थर फुगतो आणि आतल्या कोरड्या भागाला ओढतो. आतला भाग ही ओढ सोसू शकत नाही आणि दाण्याला आडवी भेग पडते. तूस जसेच्या तसे असते. हातात घेतल्यावर दाणा सुंदर, भरलेला दिसतो. पण गिरणीत रोलरचा दाब बसताच तो त्याच भेगेवर दोन तुकडे होतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे भात कापून शेतात पसरून ठेवतात, भारे बांधून खळ्यावर रचतात. दिवसा ऊन, रात्री दव, मध्येच एखादी सर. तडा जाण्यासाठी याहून अनुकूल हवामान नाही.

अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठातील तांदूळ प्रक्रियेच्या अभ्यासकांनी तूस न काढता, भाताच्या दाण्याचा एक्स-रे घेऊन या भेगा मोजल्या आहेत. भेग म्हणजे दाण्यातली पोकळी. तिथे एक्स-रे कमी अडतो, म्हणून चित्रात एक बारीक रेघ उमटते. हाताच्या हाडाला गेलेली चीर डॉक्टर जशी फिल्मवर दाखवतात, तसेच हे.

पंधरा मिनिटांपासून क्षणार्धापर्यंत

विल्हेल्म रंटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १८९५ मध्ये या किरणांचा शोध लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यासाठी तिला सुमारे पंधरा मिनिटे हात हलवू न देता ठेवावा लागला. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक रंटजेनलाच मिळाले.

वस्तूंमधून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, ही गोष्ट आपल्या इतिहासातल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाझिर' या ग्रंथात मांडली होती. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहून काम केलेले हे विद्वान अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग करत. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मान्य करायचे नाही, करून पाहायचे, ही त्यांची रीत. एक्स-रेचे चित्रही एका अर्थाने सावलीच आहे. फक्त ही सावली वस्तूच्या बाहेरच्या आकाराची नाही, आतल्या घडणीची असते.

दवाखान्यातला साधा एक्स-रे घेताना आपल्याला श्वास रोखायला सांगतात, कारण हलले की चित्र अस्पष्ट होते. मग तुटत असलेल्या वस्तूचे चित्र कसे घ्यायचे? तिला श्वास रोखायला सांगता येत नाही. काचेतला तडा एका सेकंदात सुमारे दीड किलोमीटर या वेगाने धावू शकतो. म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तो दीड मिलिमीटर पुढे गेलेला असतो. हे टिपायचे तर दोन गोष्टी लागतात: अतिशय थोड्या वेळात भरपूर एक्स-रे, आणि अतिशय वेगवान कॅमेरा.

अडचण पहिलीतच आहे. दवाखान्यातल्या एक्स-रे नळीत विजेचा जो जोर लावला जातो, त्यातला जेमतेम एक टक्का एक्स-रे बनतो. बाकी सगळी उष्णता होते. नळीचा जोर वाढवत गेलो तर तिच्यातला धातूच वितळेल.

यावर पहिला उपाय निघाला तो लखलखाटाच्या एक्स-रेचा. विहिरीतून पाणी थेंब थेंब काढून हंडा भरायचा आणि मग तो एकदम उपडा करायचा, तशी ही युक्ती. वीज हळूहळू साठवायची आणि एका फटक्यात सोडायची. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. अशा काही दहा ते शंभर नॅनोसेकंदांत एक्स-रेचा एक जबरदस्त झोत निघतो आणि तेवढ्यात चित्र उमटते. बंदुकीची गोळी पत्र्यात शिरतानाचे चित्र असेच घेतात. आपल्या मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' नावाची यंत्रमालिका बनवली गेली. हे नाव किलो अँपियर लिनियर इंजेक्टर या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे. इलेक्ट्रॉनांचा असा क्षणिक, प्रचंड झोत तयार करणे हे तिचे काम आणि त्यातून लखलखाटाचे एक्स-रे मिळवता येतात. मात्र या पद्धतीत एका वेळी एकच किंवा मोजकीच चित्रे मिळतात. गोष्टीचे एखादे पान हाती लागते, सगळी गोष्ट नाही.

गोल फिरणारा प्रकाश

सगळी गोष्ट पाहायची तर सिन्क्रोट्रॉन लागतो. नाव अवघड आहे, कल्पना सोपी आहे. इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ नेऊन एका मोठ्या गोल नळीत फिरवत ठेवायचे. चुंबकांनी त्यांना वळवले की प्रत्येक वळणावर ते किरण बाहेर टाकतात. चिखलातून वेगाने जाणाऱ्या सायकलचे चाक जसे चिखल उडवते, तसे. या किरणांमध्ये एक्स-रे असतात आणि ते दवाखान्यातल्या नळीपेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असतात.

भारतातले असे मोठे यंत्र इंदूरला आहे. होळकरांच्या या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे दोन सिन्क्रोट्रॉन आहेत. इंडस-२ चा घेर सुमारे १७२ मीटर. त्याच्याभोवती किरण बाहेर काढणाऱ्या अनेक वाटा केलेल्या आहेत, त्यांना बीमलाइन म्हणतात. त्यांतली एक वाट खास आतली चित्रे घेण्यासाठी आहे. विद्यापीठांतले संशोधक आपल्या प्रयोगाचा आराखडा देऊन अर्ज करतात आणि तिथे जाऊन काम करतात.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या युरोपीय सिन्क्रोट्रॉनचा घेर ८४४ मीटर आहे. तिथे इलेक्ट्रॉन एका सलग धारेत फिरत नाहीत, पुंजक्यांनी फिरतात. तसबीहच्या मण्यांमध्ये अंतर सोडल्यासारखे. प्रत्येक पुंजका समोरून गेला की एक लखलखाट. तो टिकतो सुमारे शंभर पिकोसेकंद, म्हणजे नॅनोसेकंदाचाही दहावा भाग. कॅमेऱ्याची गती या लखलखाटांशी जुळवली तर धावणारा तडाही जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो.

यंत्रात काय काय असते?

अशा प्रयोगाच्या खोलीत चार मुख्य वस्तू असतात.

पहिली, किरण येण्याची वाट. खोलीला शिशाच्या भिंती असतात. किरण सुरू असताना आत कुणीही नसते, दार उघडे असेल तर किरण सुरूच होत नाही.

दुसरी, नमुन्यावर जोर लावणारे यंत्र. नमुना सहसा अगदी लहान असतो, काडेपेटीतल्या काडीएवढा किंवा त्याहून छोटा. त्याची दोन टोके पकडून मोटर त्याला ओढते किंवा दाबते. पेच असा, की पकडणाऱ्या चौकटीचे खांब किरणांच्या आड येतात. म्हणून खांबांऐवजी एक्स-रे सहज आरपार जातील अशा पदार्थाची नळी वापरतात आणि नमुना तिच्या पोटात ठेवतात. एकदम धक्का द्यायचा असेल तर लांब धातूच्या दांड्यांची मांडणी करतात. एका दांड्यावर आघात करायचा, तो आघात लहरीसारखा दांड्यातून पुढे जातो आणि मधल्या नमुन्यावर आदळतो. ही पद्धत बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ साली मांडलेल्या कल्पनेतून पुढे आली.

तिसरी, चमकणारा पडदा. एक्स-रे कॅमेऱ्याला थेट नीट टिपता येत नाहीत. म्हणून नमुन्यातून आलेले किरण एका पातळ स्फटिकावर पाडतात. स्फटिक चमकतो आणि त्याच्यावर साध्या प्रकाशाचे चित्र तयार होते. तिरप्या आरशाने ते बाजूला वळवले जाते, म्हणजे कॅमेरा किरणांच्या मार्गात येत नाही आणि खराब होत नाही.

चौथी, वेगवान कॅमेरा. वस्तू कधी तुटेल हे कुणालाच ठाऊक नसते, मग कॅमेरा सुरू कधी करायचा? उत्तर असे, की तो सतत चालूच ठेवायचा. दुकानातला सीसीटीव्ही जसा जुने पुसून नवे टिपत राहतो, तसाच हा. वस्तू तुटली की त्याला थांबवायचे. तुटण्याच्या आधीचे सगळे क्षण त्याच्या स्मृतीत शिल्लक असतात.

एका बाजूने घेतलेल्या चित्रात भेग किती खोल आहे ते कळत नाही. म्हणून नमुना गोल फिरवत अनेक बाजूंनी चित्रे घेतात आणि संगणक त्यांची एक त्रिमित आकृती रचतो. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनमध्ये यंत्र आपल्याभोवती फिरते, इथे नमुनाच फिरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या सिन्क्रोट्रॉनवर एका सेकंदात १,००० त्रिमित आकृत्या टिपल्या गेल्या. वितळलेल्या धातूच्या फेसातले बुडबुडे कसे फुटतात ते त्यांत दिसले. त्याच संशोधकांनी जळती फुलबाजीही आतून पाहिली.

घरापर्यंत येणारे उपयोग

हे सगळे ऐकून एखादी अम्मी विचारेल, आमच्या घराला याचा काय उपयोग? उपयोग आहे आणि तो आपल्या खिशातच आहे. २०१५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी ग्रेनोबलला लिथियम बॅटरीचे सेल तापवून, ते पेट घेताना आत काय घडते ते टिपले. पुढच्या प्रयोगांत सेलमध्ये खिळा घुसवून पाहिले. आतले थर कसे सुटतात, वायू कुठे साचतो, आग कोणत्या बाजूने बाहेर पडते, हे दिसले की सेल अधिक सुरक्षित बनवता येतो. मोबाइल असो की विजेवरची दुचाकी, फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी वापरू नये, ही सूचना अशाच अभ्यासांनी पक्की केली आहे.

दुसरे उदाहरण शहापूरच्या लोकांच्या रोजच्या वाटेवरचे. आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून कल्याणकडे जाणाऱ्यांना हिवाळ्यात "रुळाला तडा" हे शब्द नवे नाहीत. थंडीत पोलाद आकसते, पण जोडलेला रूळ आकसू शकत नाही, म्हणून त्याच्यात ओढ निर्माण होते. आत आधीपासून बारीक दोष असेल तर रूळ तिथेच तुटतो. रेल्वे असे दोष शोधण्यासाठी रुळावरून ध्वनिलहरींचे यंत्र फिरवते आणि गस्तीचे कर्मचारी पहाटेच्या थंडीत मार्ग पायी तपासतात. रुळावर रोज एक्स-रे घेणे शक्य नाही. पण कोणता दोष किती जोराखाली कसा वाढतो, हे प्रयोगशाळेतल्या एक्स-रेने आधी समजून घेता येते आणि मग कोणता दोष धोक्याचा, हे ठरवता येते.

भात असो, बॅटरी असो की रूळ असो, या चित्रांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आपल्याला जे अचानक तुटल्यासारखे वाटते, ते बहुतेक वेळा आत कधीचेच सुरू झालेले असते. शेवटचा जोर फक्त निमित्त होतो. म्हणून शेवटच्या जोराशी भांडण्यापेक्षा पहिला तडा रोखणे शहाणपणाचे.

जॉर्डनचे 'सेसामी'

मुस्लिम देशांपुरते पाहिले तर एक आनंदाची नोंद करायला हवी. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ अल्लान येथे 'सेसामी' नावाचा सिन्क्रोट्रॉन आहे. १६ मे २०१७ रोजी जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जॉर्डन, इजिप्त, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, पॅलेस्टाइन, सायप्रस आणि इस्रायल असे एरवी एका टेबलावर न बसणारे देश त्याचे सदस्य आहेत. याची शक्ती इंदूरच्या इंडस-२ एवढीच आहे. २०१९ पासून त्याला लागणारी वीज सौर प्रकल्पातून येते. २०२३ मध्ये तिथे त्रिमित चित्रे घेणारी नवी बीमलाइनही सुरू झाली. इब्न अल-हैसम यांच्या मुलखाजवळ पुन्हा प्रकाशाचे असे प्रयोग होत आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

धसईच्या खळ्यावर काय करता येईल?

सिन्क्रोट्रॉन धसईला येणार नाही आणि यायची गरजही नाही. त्याने आणि त्याच्या धाकट्या भावंडांनी शिकवलेल्या गोष्टी मात्र खळ्यापर्यंत येऊ शकतात.

भात फार पिकू देऊ नये. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करावी. कापलेले भात शेतात रात्रंदिवस पडू देऊ नये, मळणी लवकर उरकावी. वाळवताना थर २ ते ४ सेंटिमीटरचा ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने हलवावा. भर दुपारी ऊन फार कडक असेल तर ताडपत्रीने झाकावे. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी गोळा करून झाकलेच पाहिजे, कारण वाळलेला दाणा पुन्हा ओला होणे हेच सर्वात वाईट. सगळे वाळवणे एका दमात न करता मध्ये थोडा वेळ ढीग करून ठेवले, तर दाण्यातला ओलावा आतबाहेर सारखा होतो आणि ताण कमी पडतो.

आपल्या आजी-नानी उकडा तांदूळ करायच्या, त्यातही हेच शास्त्र दडलेले आहे. उकडताना दाण्यातला पिठूळ भाग चिकट होतो आणि बारीक भेगा सांधल्या जातात. म्हणून उकड्या तांदळात कणी कमी निघते.

आणि एक घरगुती तपासणी. भाताचे ५० दाणे घ्या, हाताने हळू सोला. मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावर काच ठेवा आणि अंधारात दाणे त्या काचेवर पसरा. ज्या दाण्यांत आडवी काळसर रेघ दिसेल ते आतून तडकलेले आहेत. ५० पैकी किती आहेत ते मोजा. हे काम शाळेतली मुले आवडीने करतात. गिरणीत जाण्याआधीच आकडा हाती असेल, तर भांडणाचे कारण राहत नाही. तडकलेले दाणे जास्त निघाले तर दोष वाळवण्यात शोधावा. तडकलेले कमी आणि तरीही कणी जास्त निघाली, तर गिरणीवाल्याशी बोलायला आपल्याकडे पुरावा आहे.

मोजमाप चोख ठेवण्याची आपल्याला शिकवण आहे, आणि तिची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: पुराव्याशिवाय कुणावर खोटेपणाचा आळ घेऊ नये. पिकाचा उश्र काढतानाही कणी बाजूला काढून तीच गरिबाच्या पदरात टाकू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. दाण्याच्या आत काय आहे हे कळले, तर शेतकऱ्याचा भाव वाचतो, गिरणीवाल्याची अब्रू वाचते आणि हकदाराचा हिस्साही चोख राहतो.

एक काळजीची गोष्ट सांगून थांबतो. हे एक्स-रे प्रयोग बंद खोलीत, निर्जीव वस्तूंवर होतात. दवाखान्यातला एक्स-रे वेगळा, त्याचा जोर मोजून ठरवलेला असतो आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर तो टाळू नये. गरोदर महिलेने मात्र एक्स-रेपूर्वी तसे तंत्रज्ञाला जरूर सांगावे.

आपल्या घरातली जी मुले-मुली विज्ञान शाखेला आहेत, त्यांना इंदूर आणि ट्रॉम्बे ही नावे माहीत असू द्या. तिथे काम करणारी मंडळी अशाच गावांतून, अशाच शाळांतून गेलेली असतात. या हंगामात खळ्यावर बसून ५० दाणे मोजणारे एखादे मूल उद्या त्या शिशाच्या भिंतींच्या खोलीबाहेर, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसलेले असेल, इन्शाअल्लाह.